रिकामी रिळं

“थांब रे गणपत, ओढू नकोस.”

दौलतने जिन्याखालून हाक दिली आणि हातातली वायर सैल सोडली. वरच्या मजल्यावर गणपतने ओढ थांबवली. दोघांच्या मधे भिंतीला धरून उभा गेलेला प्लास्टिकचा करडा पाइप होता, कालच ठोकलेला.

दौलत गुडघ्यावर बसला. आत गेलेली वायर त्याने हातभर मागे घेतली आणि दाराकडच्या उजेडात धरली. वायरीवरचं सुती वेष्टण एका बाजूने ओरबाडलं होतं. खालचं काळं रबर उघडं पडलं होतं आणि त्या रबरावरही नखाने ओढल्यासारखी रेघ उमटली होती. त्याने पाइपाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. जिथे करवतीने कापलं होतं तिथे कडेला धार राहिली होती.

गणपत जिना उतरून खाली आला. तो चाळीतलाच, मिलमध्ये पहिली पाळी करून यायचा आणि जेवण झालं की दौलतच्या हाताखाली उभा राहायचा. तसं कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

“काय झालं?”

“पाइपाचं तोंड वायर खातंय.”

“एवढीशी तर सोलली आहे. पट्टी मारू की वरून.”

“इथं मारशील. आत कुठं सोलली असेल तिथं कशी मारशील?”

 गणपतने वायरीची गुंडाळी भिंतीशी टेकवून ठेवली आणि विडी काढली.

करी रोडच्या पुलाजवळच्या तांबट चाळीत वीज येणार, हे इतकी वर्षं नुसतं बोललं जात होतं. यंदा मालकाने एकदाचा होकार दिला. तोही अशा वर्षी, की एक मे रोजी महाराष्ट्र राज्य होणार होतं आणि सगळ्या परळ-लालबागमध्ये कमानी उभ्या राहत होत्या. चाळकमिटीचे सेक्रेटरी बाबुराव संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत पहिल्यापासून होते, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. त्यांनी शब्दच दिला होता, की राज्य येईल त्या संध्याकाळी चाळीत बटण दाबलं जाईल. नुकत्याच झालेल्या बाबासाहेबांच्या जयंतीला गॅसबत्त्या भाड्याने आणाव्या लागल्या होत्या. गॅसबत्त्यांची ही शेवटची वेळ, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

प्लास्टिकचा पाइप ही त्यांचीच निवड. लोखंडी पाइप गंजतो, लाकडी पट्टीला वाळवी लागते, आणि हा नवा माल हलका, स्वस्त आणि दिसायला देखणा. दौलतनेही नको म्हटलं नव्हतं. लोखंडी पाइपाच्या तोंडाला आटे पाडून, वायर कडेला घासू नये म्हणून पितळेचा बुश बसवायचा हे त्याच्या हाताला पाठ होतं. या पाइपाचेही बुश मिळतील असं तो धरून चालला होता. काल संध्याकाळी गणपत विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, प्रत्येक दुकान पालथं घालून आला होता. पाइप आले होते, बुश अजून यायचे होते. पितळेचे होते ते रोषणाईवाल्यांनी केव्हाच उचलले होते.

थोड्या वेळाने बाबुराव आले. त्यांनी सोललेली वायर हातात घेऊन पाहिली, परत दिली.

“दौलत, आता आठवडासुद्धा उरला नाही. सगळी मुंबई उजळणार, आणि आम्ही काय कंदिलाच्या काचा पुसत बसायचं?”

“वायर ओढतो मी. पण उघड्या तोंडातनं नाही ओढणार.”

“का पण?”

दौलतने डाव्या हाताची दोन बोटं वाकवून दाखवली. ती पुरती वाकत नसत. पूर्वी मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात असताना अशाच एका पाइपाच्या तोंडाशी वायर घासून उघडी पडली होती आणि त्याचा हात सहज म्हणून तिला लागला होता.

“माझं दोन बोटांवर निभावलं,” तो म्हणाला. “इथं पाइपाखाली पोरं झोपतात, बाबुराव.”

 बाबुराव जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मग दौलतने कानस काढली. बुश नाही तर नाही, प्रत्येक तोंड आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करायचं. कापलेले तुकडे घेऊन तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, बकुळाच्या दाराशी बसला. तिथे उजेड चांगला असतो, असं त्याने गणपतला सांगितलं. गणपतने मान डोलावली. उजेड सगळ्या गॅलरीत सारखाच होता.

बकुळा दारात मशीन घेऊन बसलेली असे. लालबागच्या तात्या शिंप्याकडून ती पोलकी आणि परकर शिवायला आणायची. नवरा, राजाराम, छातीच्या दुखण्याने जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची सासू सुंदराबाई. सुंदराबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पावलाचा आवाज कोणाचा हे त्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीपासून कळायचं. मोर्च्यात एकदा त्याही पोलिसांच्या गाडीत बसून आल्या होत्या. गाडीतला बाक किती मऊ होता, हे त्या अजून सांगायच्या.

“अहो वायरमन,” बकुळा मशीन थांबवून म्हणाली, “तुमच्या भुश्याने माझं पोलकं पांढरं झालं.”

दौलतने तुकडा पलीकडे वळवला.

“माफ करा. जरा तोंडं घासतोय.”

“मघापासून किती झाली?”

त्याने बाजूला ठेवलेल्या मोजक्या तुकड्यांकडे पाहिलं. आतून सुंदराबाईंचा आवाज आला, “बकुळे, त्याला चहा दे. कानशीचा आवाज ऐकून माझेच दात शिवशिवतायत.”

चहा देताना बकुळाने विचारलं, “तो बुश बुश म्हणता, तो असतो तरी कसला?”

दौलतने कप खाली ठेवला आणि बोटांचं कडं केलं. “पाइपात शिरेल एवढी नळी. तिला बाहेरच्या अंगाला अशी पसरट, गोल कड. वायर तिच्यावरनं कशीही वळली तरी टोचायला नको. वायरीला सबंध पाइपात कसलं भय नसतं बघा. आत शिरताना आणि बाहेर पडतानाच काय ते.”

बकुळाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग मशीनचा ड्रॉवर ओढला, आतून दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“असा?”

दौलत रिळाकडे बघत राहिला. मधे नळी, दोन्ही टोकांना पसरट कड, वर्षानुवर्षं दोरा सरकून सरकून काचेसारखी झालेली.

“मधून कापलं तर दोन होतील,” बकुळा म्हणाली. तोवर त्याने करवत उचलली होती.

नळीचं भोक हातड्रिलने थोडं मोठं करावं लागलं. अंगावर सुती पट्टीचा एक वेढा दिल्यावर ते अर्धं रीळ पाइपाच्या तोंडात घट्ट बसलं, जणू तिथलंच होतं. दौलतने आतून वायर घातली आणि दुसरं टोक गणपतच्या हातात दिलं.

“ओढ. वाकडी ओढ, मुद्दाम. घासून ओढ.”

गणपतने ओढली, सोडली, पुन्हा ओढली. दौलतने वायर उजेडात धरून वीतवीत तपासली. सुताचा एक धागाही निघाला नव्हता. त्याने ती परत आत घालून आणखी एकदा ओढून बघितली. त्याची काही गरज नव्हती.

“शिकत होतो तेव्हा उस्तादांकडे लाकडी बुश पाहिले होते मी,” तो म्हणाला. “आठवले कसे नाहीत?”

“डोक्यात कानस चालली होती ना,” बकुळा म्हणाली आणि पोलकं झटकून पुन्हा सुईखाली धरलं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या चाळीत झाली. घराघरांतून रिळं निघाली. कुणाच्या फडताळात, कुणाच्या गोधडीच्या गाठोड्यात. पोरांनी रिळांच्या चाकांच्या गाड्या केल्या होत्या, त्या त्यांनी आपण होऊन आणून दिल्या. एकाने तेवढी गाडीची दोरी परत मागून घेतली. तरीही सगळ्या खोल्या आणि जिने धरले तर निम्मी तोंडंसुद्धा भरेनात.

“मिलमधली सुताची बॉबिनं आणू का?” गणपतने विचारलं.

“मिलची नको,” दौलत म्हणाला.

बकुळा म्हणाली, “तात्यांकडे चला. सध्या त्यांच्याकडे खूप असतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलत आणि बकुळा पूल ओलांडून लालबागला गेले. तात्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी मशीनं झेंडे आणि तोरणं शिवत होती. भगवं कापड, निळं कापड, हिरवं, पांढरं. मशीनांखाली रिकाम्या रिळांचा सडा पडलेला.

तात्या चष्म्यावरून बघत म्हणाले, “बकुळाबाई, पोलकी झाली?”

“दोन राहिलीत. आज दुसऱ्या कामाला आले. रिकामी रिळं हवीत.”

“पोलकी पुरी झाल्यावर द्या, रिळं आत्ताच न्या की पोतंभर. पण रिकाम्या रिळांचं काय करणार?”

बकुळाने दौलतकडे पाहिलं. दौलतला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तरी त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता खिशातलं अर्धं रीळ काढून दाखवलं. मशीनं एकेक करून थांबली. एका कारागिराने ते हातात फिरवून पाहिलं, दुसऱ्याकडे दिलं. मग दोघातिघांनी खाली वाकून रिळं वेचायला सुरुवात केली. ज्याच्या रिळावर अजून चार वार दोरा होता, त्याने तो तोडून टाकला आणि रीळ पिशवीत सोडलं.

“पैसे?” दौलतने विचारलं.

“उजेड पडला की चहाला बोलवा,” तात्या म्हणाले.

परत येताना पिशवी दौलतच्या खांद्यावर होती. पुलावर वारा होता. खाली रुळांपलीकडे गिरण्यांची धुराडी दिसत होती, आणि एका धुराड्यावर कोणीतरी चढून झेंडा बांधत होतं. दोघं कठड्याशी थांबले आणि तो माणूस सुखरूप खाली उतरेपर्यंत बघत राहिले.

“नायगावला आमची खोली आहे,” दौलत एकदम म्हणाला. “म्हणजे भावाची आणि माझी. त्याचा संसार मोठा. मी गॅलरीत झोपतो.”

“पावसात?”

“पावसात भिंतीकडे सरकतो.”

बकुळाला हसू आलं. तिने पदर तोंडाशी नेला. दौलतलाही जरा धीर आला.

“बहिणींची लग्नं करता करता माझं राहूनच गेलं. आता वेगळी खोली बघावी म्हणतो. लहान असली तरी.”

बकुळाचं हसू ओसरलं. ती कठड्यावर बोटाने रेघ ओढत राहिली.

“वायरमन, एक सांगते. हे गेले तेव्हा माझा भाऊ मला न्यायला आला होता. सासूबाई म्हणाल्या, जायचं तर सुखाने जा, राहायचं तर माझी लेक म्हणून राहा. मी राहिले. त्यांना एकटीला टाकून मी कुठं जायची नाही.”

“टाका असं मी म्हणत नाही.”

“मग काय म्हणता?”

काय म्हणायचं ते दौलतला ठाऊक होतं, पण ते तोंडातून निघेना. मिळेल ती खोली लहानच असणार; आणि म्हातारीला तिच्या घरातून, तिच्या शेजारपाजारातून उठवून कुठल्या तोंडाने न्यायचं? आपणच तिच्या घरी जाऊन राहायचं, तर तिच्या मुलाच्या जागेवर उभं राहून तिला काय म्हणायचं? त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“काही नाही. रिळं जड झालीत.”

“रिकामी रिळं?” बकुळा म्हणाली. मग तिने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला, आणि पूल उतरेपर्यंत दोघं ती मधे धरून चालले.

पुढचे दिवस चाळीत लग्नघर असावं तसे गेले. गॅलरीत चटई टाकून बायका रिळांच्या कापलेल्या कडा काचकागदाने घासत. गणपत भोकं पाडी. दौलत बुश बसवत आणि वायर ओढत एकेका खोलीतून पुढे सरके. कुठेही गेला की तीच विचारणा: दिवा कुठं हवा, बटण कुठं हवं? लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाचा विचार केला होता. कोणाला दिवा चुलीवर हवा होता, कोणाला बुद्धाच्या तसबिरीपाशी, कोणाला पोराच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात. नवरा-बायकोंचे वाद होत आणि ते मिटेपर्यंत दौलतला चहा मिळे.

फक्त सुंदराबाईंची खोली राहिली. तो पेन्सिल घेऊन दाराशी आला की त्या म्हणायच्या, “आधी बाकीच्यांचं होऊ दे रे. आमचं काय, शेवटी.” असं तीनदा झालं. बकुळा मशीनवरून मान वर करायची नाही. पुलावरचं बोलणं घरात कळलं असावं आणि म्हातारीला ते रुचलं नसावं, असं दौलतने धरलं. तो गॅलरीत बसायचा बंद झाला. राहिलेली तोंडं त्याने जिन्याखाली बसून पुरी केली.

विजेच्या ऑफिसातले इन्स्पेक्टर आले ते उन्हातून, घाम पुसत. त्या आठवड्यात त्यांनाही उसंत नव्हती. त्यांनी मीटर पाहिला, जिना पाहिला, एका पाइपाच्या तोंडाशी थांबून बुशवरून बोट फिरवलं. कडेवर दोऱ्याच्या लेबलाचा सोनेरी कागद अर्धवट चिकटून राहिला होता.

“हे रीळ आहे का?”

“होय साहेब,” दौलत म्हणाला.

इन्स्पेक्टरनी वायर दोन बोटांत धरून पुढेमागे हलवली, वाकवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्या खोलीकडे वळता वळता थांबून बोलले, “माझी आई हे फेकून देते. आता सांगतो तिला.” राहिलेल्या एका खोलीची जोडणी मागाहून करायला त्यांनी हरकत घेतली नाही.

तीस एप्रिलला, मध्यरात्री राज्य यायचं त्याच संध्याकाळी, दिवस मावळताना सगळी चाळ अंगणात उतरली. बाबुरावांनी भाषण लिहून आणलं होतं, पण मेन स्विचपाशी उभं राहिल्यावर त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि नुसती मान हलवली. दौलतने खटका वर केला.

सगळे मजले एकदम उजळले.  मग ढोल-ताशा सुरू झाला आणि ज्याला त्याला आपापल्या खोलीत पळत जायचं होतं. एका बाईने आपल्या भिंतीवरची काजळी पाहिली आणि लुगड्याचा काचा मारून लगेच पुसायला घेतली. गणपतच्या बापाने आरशात बघून विचारलं, माझे एवढे केस पांढरे केव्हा झाले? पोरं बटण दाबत होती, बंद करत होती, मार खात होती, पुन्हा दाबत होती. तात्या सगळ्या कारागिरांसह चहाला आले होते आणि दिसेल त्या पाइपाच्या तोंडाशी आपलं रीळ शोधत होते.

दौलत प्रत्येक मजल्यावर फिरून कुठे वायर गरम होते का ते बघत होता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सगळ्या दारांतून उजेड बाहेर पडला होता. एकच दार काळोखं होतं. तो तिथून पुढे जाऊ लागला.

“दौलत,” आतून सुंदराबाईंनी हाक मारली. “आता आमचं माप घे.”

तो उंबऱ्याशी थांबला. गॅलरीतल्या दिव्याचा उजेड तिरपा आत गेला होता. सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बकुळा मशीनवर होती; तिच्या मांडीवर कापडाची मोठी चळत होती, फुलाफुलांच्या छापाची, आणि ती जमिनीपर्यंत पसरली होती.

“दिवा कुठं हवा, मावशी?” त्याने आत येत विचारलं.

“एक नको. दोन हवेत.”

“कमिटीने खोलीला एकच दिवा ठरवलाय.”

“बाबुरावाशी बोलले मी. सगळ्यांचं आटपल्यावर घ्या म्हणाला, म्हणून तर थांबले होते. एक माझ्या बाजूला, एक पडद्याच्या पलीकडे.”

दौलतने खोलीभर नजर फिरवली. “पडदा कुठंय?”

“शिवतेय ना ती.”

मशीनचा आवाज थांबला नाही, मात्र त्याची लय चुकली. दौलतने त्या फुलांच्या कापडाकडे पाहिलं. बाहेर ताशा कडाडत होता. त्याने हात वर करून तुळईला लावला, जणू ती जागेवर आहे की नाही याची खात्री करून घ्यायची होती, आणि मग विचारलं,

“पडदा नेमका कुठं यायचा?”

“ते तू ठरव,” सुंदराबाई म्हणाल्या. “पाय तुझे लांब आहेत. मला काय, एवढीशी जागा पुरते.”

दौलतने खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. पिशवीत हात घातला. पेन्सिल सापडेना.

बकुळाने मान वर केली नाही. कापड सुईखालून पुढे सारत ती हळूच म्हणाली,

“अहो, कानावर आहे.”